इंजिनाच्या तोंडी विभूती

सोमवार, ४ ऑगस्ट

खताच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी जानेवारीपासून भिंतीतल्या देवळीत पडून होती. आज त्रिवेणीनं धूळ झटकून माझ्या पुढ्यात टाकली. म्हणली, "आप्पा, तोंडानं तर तुमी बोलत न्हाईत. कागदावर तरी बोला."

मला कुणाशी काय बोलायचंय? पण पेन घेतला.

पहिल्या पानावर आपली ओळख लिहितात म्हणं. तर मी चन्नबसप्पा, वालूरचा गिरणीवाला. गिरणी विकून लय वर्षं झाली, पण लोक अजून त्याच नावानं हाक मारतात. डिझेल इंजिनावरची गिरणी होती. दुसऱ्यांच्या गिरण्या ऐन सणाला बसायच्या, माझी कधी बसली न्हाई. दर सोमवारी शिवपूजा झाली की मी इंजिनावर तीन बोटं विभूती ओढायचो आन् चिमूटभर त्याच्या तोंडात टाकायचो. तोंड म्हणजे जिथून इंजिन हवा ओढतं ती जागा. तिथल्या डब्यात तळाला तेल असायचं, विभूती त्यात गप बसून राहायची. माणसाला श्वास हाय तसा इंजिनालाबी हाय, आन् श्वासावर देवाचा हात पाहिजे. एवढंच माझं शास्त्र.

त्रिवेणी माझी एकुलती लेक. दोन वर्षांखाली सासर कायमचं सोडून आली, एक बॅग आन् शिलाई मशीन घेऊन. मी दारातच उभा होतो. "जेवलीस का?" म्हणलं. त्याच्यापुढं त्या विषयावर आमचं बोलणं झालं न्हाई. काय बोलावं तेच मला सुचत न्हाई. आता तिनं पाटल्या मोडून एक जुनी पांढरी कार घेतलीय, पेट्रोलवरची. गावातल्या बायांना दवाखान्याला नेते, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला नेते. बाई गाडी चालवते म्हणून पारावरच्या रिकामटेकड्यांना एक विषय मिळाला.

आज ती अंघोळीला गेली तवा मी बॉनेट उघडलं. नव्या गाड्यांत हवेच्या डब्यात तेल नसतं, कागदाची जाळी असते. विभूती जाळीच्या अलीकडं टाकली तर कागदालाच अडकणार, इंजिनाला काय मिळणार? मी कच्चा न्हाई. जाळीच्या पलीकडची रबरी नळी पेचकसानं ढिली केली, आत चिमूट सोडली आन् नळी परत आवळून टाकली. कुणाला सांगितलं न्हाई. पोरगी हसंल. पण लेकरू रोज रस्त्यावर हाय, मला घरात बसवत न्हाई.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

गाडी खोकायलीय. पोखर्णीहून येताना त्रासच दिला म्हणं. चालू करून नुसती उभी ठेवली की थंडी भरल्यागत थरथरते. अ‍ॅक्सिलेटर दाबला की लगेच पळत न्हाई, जरा विचार करते, मग एकदम झटका देऊन निघते.

आमची नागुबाई, त्रिवेणीची आई, चुलीपुढून म्हणते, "तुमच्यासारखीच हाय की. हाक मारली की घटकाभरानं ओ देते."

या बाईला चाळीस वर्षांत माझ्या तोंडावर माझी थट्टा करायची सवय लागलीय आन् ती काही सुटायची न्हाई. पेट्रोलात पाणी असंल, दुसरं काय.

बुधवार, १३ ऑगस्ट

परवाचा सोमवार केला, चिमूट टाकली. तरी गाडी बिघडतच चाललीय. आज शेजारची तानुबाई डोळे दाखवायला सेलूला गेली होती त्रिवेणीसंगं. रेल्वे फाटक उघडलं, सगळ्या गाड्या निघाल्या आन् हिची जागच्या जागी बंद. मागून हॉर्नचा नुसता कालवा. कुणीतरी ओरडलं, "बाई, उतरा आन् नवऱ्याला द्या चालवायला." तानुबाईनंच मला सांगितलं. त्रिवेणीनं हे घरात सांगितलं न्हाई.

गाडी तशीच ओढत धम्मानंदकडं नेली. सेलूत त्याचं गॅरेज हाय. त्याचा बाप माझ्या गिरणीवर दळण आणायचा, चांगलं घर हाय. त्यानं प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, ते कॉम्प्युटरचं यंत्र लावून बघितलं. जरा फरक पडला म्हणं.

जेवताना मी म्हणलं, "क्लचवर पाय ठेवून बसत असशील. गाडीचा दोष न्हाई, पायाचा हाय."

ती म्हणली, "आप्पा, तुमी माझ्या गाडीत एकदा तरी बसलात का? न बसताच पाय दिसला व्हय?"

मी ताटावरनं उठलो. नागुबाई माझ्या पाठीला म्हणली, "भाकरी अर्धी राहिली." राहू दे.

खरं लिहायचं तर मी बसलोच न्हाई तिच्या गाडीत. ती रोज विचारते, "येता का आप्पा, सेलूपर्यंत?" मी गुडघ्याचं कारण सांगतो. भीती वाटते. गाडीची न्हाई. शेजारी बसलो आन् तिनं काही विचारलं तर मला उत्तर द्यावं लागंल, त्याची.

रविवार, १७ ऑगस्ट

आज दिवस गोड गेला. धम्मानंदनं गाडी पुन्हा खोलली आन् रोग सापडला. इंजिनाच्या हवेच्या वाटेत एक गोल पातं असतं. अ‍ॅक्सिलेटर दाबला की ते पातं उघडतं, तेवढीच हवा आत जाते. थ्रॉटल म्हणतात त्याला. त्या पात्याच्या कडेला घाणीचा लेप बसला होता. पातं चिकटायचं, म्हणून गाडी उभी असली की धापा टाकायची आन् पाय दाबला की अडखळायची. त्यानं फवारा मारून सगळं धुतलं. "ताई, एवढी राखाडी घाण कुठून आली हो?" म्हणत होता. त्रिवेणी म्हणली, रस्त्याचं काम चाललंय, त्याची धूळ असंल. असंलच. मुरूम टाकून ठेवलाय निस्ता.

घरी आल्यावर तिनं गाडी चालूच ठेवली आन् म्हणली, "आप्पा, ऐका." मी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटून ऐकलं. काय सुरेख आवाज! एका लयीत. गिरणीचा पट्टा नीट बसला की असंच वाटायचं. मी म्हणलं, "ब्येस चाललंय." ती एवढी खूश झाली की मलाच कसंतरी झालं. एका शब्दावर एवढं खूश व्हायचं असतं का?

उद्या श्रावणातला शेवटचा सोमवार. गाडी बरी झाली म्हणून देवाला दोन चिमटी.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पुन्हा खोकायली. डोकं फिरायची वेळ आली. त्या धम्मानंदला काही येत न्हाई.

दुपारी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. आत त्रिवेणी फोनवर बोलत होती, पुण्याच्या अर्पितासंगं. तिची मैत्रीण हाय, शिवणाचा कारखाना चालवते. त्रिवेणी म्हणत होती, "दसऱ्यापर्यंत बघते गं. गाडी सुधारली तर हितंच राहीन. न्हाई तर विकून टाकते आन् येते तुज्याकडं. हितं बसून आईबापाला ओझं कशाला?"

शेंगा कधी संपल्या कळलं न्हाई. मी टरफलंच फोडत बसलो होतो. नागुबाईनं टोपलं काढून घेतलं तवा समजलं.

मला ती जायला नको हाय. बघा, लिहिलं. आत जाऊन म्हणायला पाहिजे होतं, "ओझं कुणी म्हणलं गं तुला?" उठलोसुदिक. दारापर्यंत गेलो आन् "चहा हाय का?" विचारून परत आलो.

सोमवार, २५ ऑगस्ट

चिमटीनं भागंना. आज मूठ भरून टाकली. महादेवा, एवढी गाडी नीट चालू दे. माझं म्हणून आजवर काही मागितलं न्हाई. पोरगी हितं राहू दे.

शनिवार, ३० ऑगस्ट

तानुबाईची सून प्रियांका पोटुशी हाय. पहिल्यापासून तिचा हट्ट की बाळंतपणाला परभणीला जायचं ते त्रिवेणीताईच्याच गाडीत. "ताई असली की मला लाज वाटत न्हाई, कळा आल्या तर ओरडताबी येतंय," म्हणते. त्रिवेणीला त्याचा केवढा अभिमान! तारीख तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय.

आज तपासणीहून परत येताना गाडी गावाच्या अलीकडं मेलीच. चालू केली की बंद, चालू केली की बंद. भर उन्हात ती अवघडलेली पोर पुलाच्या कठड्यावर बसली आन् शेतातल्या गड्यांनी गाडी ढकलत आणली.

संध्याकाळी तानुबाई आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणली, "त्रिवेणी, वाईट वाटून घेऊ नको बाई. मी किशनरावच्या जीपला सांगून ठेवते. सुनेच्या जिवाचा प्रश्न हाय."

त्रिवेणी म्हणली, "बरोबर हाय काकू. मीबी तेच सांगणार होते."

मग तिनं बादली घेतली आन् गाडी धुवायला लागली. एकच दार कितीतरी वेळ पुसत होती. नळापर्यंत गेलो. पाठीवर हात ठेवावा म्हणलं, तर हात उचलंना. नळ बंद करून आलो. पाणी वाया जात होतं.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज एक इचित्र झालं. त्रिवेणी सकाळीच गाडी घेऊन धम्मानंदकडं गेली. काल सोमवार होता, मी विभूती टाकलीच होती. दुपारी परत आली. मी विचारलं, "काय म्हणला?" तर माझ्याकडं बघत राहिली. रागानं न्हाई. लहानपणी ताप उतरल्यावर बघायची तसं.

मग माझ्याजवळ जमिनीवर बसली आन् म्हणली, "आप्पा, गिरणीच्या इंजिनाला तुमी विभूती कुठं टाकत होतात?"

गिरणीबद्दल मला किती वर्षांत कुणी विचारलं न्हाई! मी सगळं सांगितलं. हवेचा डबा कसा होता, तळातलं तेल कसं बदलायचं, दिवाळीच्या दळणाला रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत कशी जायची, आन् ती स्वतः परकरात पिठाच्या डब्यावर बसून पांढरी कशी व्हायची. मी बोलत गेलो, ती ऐकत गेली. मधेच हसली, मधेच पदरानं डोळे पुसले.

"काय झालं?" म्हणलं.

"काही न्हाई. चुलीचा धूर."

चूल तर पेटलीच नव्हती. मग ती म्हणली, "आन् आप्पा, विभूती का टाकत होतात? गिरणी बंद पडू नये म्हणून?"

मी म्हणलं, "गिरणीचं काय एवढं. पट्ट्याजवळ तू खेळायचीस. तुला काही होऊ नये म्हणून."

ती उठून आत गेली. रात्रीच्या भाकरीवर तिनं मला लोण्याचा एवढा मोठा गोळा वाढला. नागुबाई म्हणली, "आज बापाचं काय लग्न हाय का?"

शुक्रवार, ५ सप्टेंबर

धम्मानंद घरी आला होता. माझ्या पाया पडला. त्याला मी मनात लय शिव्या दिल्या होत्या, जरा लाजलो.

त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. एका बाजूला झाकणाचा छोटा काळा डबा बसवलाय. म्हणतो, "काका, रोग सापडला. या गाडीचं हवेचं तोंड बदलावं लागलं. आता इंजिन हितनं श्वास घेतंय. ती जुनी नळी मी कायमची बंद केलीय, तिला हात लावायचा न्हाई. लावला तर गाडी बसली म्हणून समजा."

मी खोदून विचारलं, "हवा आत कुठून जाते? जाळी कुठं हाय?" तर गडबडला. "काका, ते, म्हणजे, आतल्या आत हाय," म्हणला. त्रिवेणी मागं उभी राहून ओठ चावत होती. आजकालच्या पोरांना काम येतंय, समजावून सांगता येत न्हाई.

जाताना म्हणला, "काका, पूजाबिजा काही करायची असली तर याच डब्यात करा."

शहाणा मुलगा. बापाचं वळण.

मंगळवार, ९ सप्टेंबर

काल नव्या डब्यात मूठभर विभूती टाकली. गाडी आज पाथरीला जाऊन आली. एकदा खोकली न्हाई की अडखळली न्हाई. मी म्हणतच होतो! देव ऐकत होता, जागा चुकत होती.

बुधवार, १७ सप्टेंबर

गाडी खणखणीत. त्रिवेणी गुणगुणत भाकरी थापते. पण पुण्याचं काय ठरलं, ते ती सांगत न्हाई आन् मी विचारत न्हाई. दसरा जवळ आला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी तानुबाई पळत आली. प्रियांकाला कळा सुरू. किशनरावची जीप माणसं घेऊन पाथरीला गेलेली. बाहेर पाऊस धो धो. तानुबाई त्रिवेणीला बघून रडायलाच लागली. "मीच तुला नको म्हणलं गं." त्रिवेणी चावी घेऊन बाहेर. "काकू, रडायचं नंतर. तिला मागं झोपवा, तुमी डोकं मांडीवर घ्या." मग माझ्याकडं वळली. "आप्पा, पुढं बसा. काच पुसायला माणूस पाहिजे."

गुडघ्याचं कारण तोंडावर आलं होतं. गिळलं आन् बसलो.

रस्त्यावर पाण्याशिवाय काही दिसत न्हाई. मी फडक्यानं आतून काच पुसतोय, मागं प्रियांका ओरडतेय, तानुबाई देवाचा धावा करतेय. पुढं खताच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर, बाजूच देईना. त्रिवेणीनं मोकळा रस्ता बघितला आन् पाय दाबला. गाडी लगेच निघाली. जरासुदिक विचार न करता निघाली! इंजिनाचा सूर वर चढला, ट्रॅक्टर मागं पडला. मी तिच्याकडं बघितलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर सरळ, आन् तोंडानं मागं प्रियांकाला सांगत होती, "ओरड गं बाई, खुशाल ओरड, आमी ऐकायलोत." ही माझी लेक. मी इतके दिवस तिच्या पायाला दोष दिला.

परभणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. तानुबाईनं पहिल्यांदा बाळ त्रिवेणीच्या हातात दिलं.

येताना पाऊस थांबला होता. तिनं विचारलं, "भीती वाटली का आप्पा?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"तुझ्या शेजारी न्हाई वाटली."

तिनं गाडी घरापर्यंत लय हळू आणली.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. उद्या दसरा. गिरणी होती तवा या दिवशी इंजिनाला धुऊन झेंडूची माळ घालायचो. आज म्हणलं, गाडीला घालावी. त्रिवेणी आत पोळ्या करत होती. मी बॉनेट उघडलं आन् आधी तो काळा डबा धुवायला म्हणून झाकण काढलं.

आत विभूती तशीच. नव्या डब्यात दर सोमवारी टाकलेली सगळी, थरावर थर, कोरडी. कणभर हललेली न्हाई.

मी आयुष्य इंजिनापाशी काढलं. हवा ओढणाऱ्या तोंडात राख अशी निवांत बसत न्हाई. डब्याच्या मागं बोट घालून बघितलं. ना भोक, ना नळी. दोन स्क्रूवर पत्र्याला नुसता टांगून ठेवलाय.

आधी राग आला. मला, चन्नबसप्पाला येड्यात काढलं! डबा हातात घेऊन आत जाणारच होतो. मग पाय थांबला. गाडी कधी खोकायची? सोमवार झाला की. धुतली की बरी व्हायची, मी चिमूट टाकली की पुन्हा आजारी. त्या पात्यावरचा राखाडी लेप. मूठ टाकली त्या आठवड्यात तर ती प्रियांकाला घेऊन रस्त्यात मेली. हितं तेल नव्हतं राख धरायला, आन् जाळीच्या पलीकडं टाकायची अक्कल माझी. म्हणजे पोरगी हितं राहावी म्हणून मीच तिला पुण्याला हाकलायलो होतो, माझ्याच हातानं, देवाचं नाव घेऊन.

मडगार्डला धरून उभा राहिलो. मग दुसरं सुचलं. तिला त्या मंगळवारीच सगळं कळलं होतं. लोक हसले, गिऱ्हाईक गेलं, गाडी ढकलत आणावी लागली, आन् ती मला एका शब्दानं बोलली न्हाई. जमिनीवर बसून गिरणीच्या गोष्टी ऐकल्या आन् लोणी वाढलं. माझा सोमवार मोडू नये म्हणून त्या दोघांनी खोटं तोंड करून दिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसलं न्हाई.

"त्रिवेणी, इकडं ये."

पिठाचे हात घेऊन आली. उघडा डबा बघून जागीच थबकली. मी डब्यात तीन बोटं घातली आन् तिच्या कपाळावर विभूती ओढली. लहान होती तवा रोज लावायचो. सासरहून आल्यापासून एकदाबी लावली नव्हती. रेघा वाकड्या आल्या.

म्हणलं, "गाडीला लय लावली. चालवणारी राहिली होती."

तिनं मान खालीच ठेवली. मग ते सगळं एकदम निघालं माझ्या तोंडातून, "पुण्याला जाऊ नको. तू ओझं न्हाईस. हे घर तुझं हाय. दारात आलीस तवाच म्हणायला पाहिजे होतं मी."

ती म्हणली, "'जेवलीस का?' म्हणलात की आप्पा. मला तवाच कळलं होतं." आन् पिठाच्या हातानंच मला धरलं. माझा धुतलेला सदरा पांढरा झाला. नागुबाई दारातून म्हणली, "पोळ्या करपायल्यात," पण आत गेली न्हाई, तिथंच उभी राहिली.

अर्पिताला तिनं मागच्याच आठवड्यात न्हाई म्हणून कळवलंय म्हणं. मला कुणी सांगायचं?

"आन् आप्पा," डोळे पुसत तिनं हळूच विचारलं, "डबा बघितलात का नीट?"

मी म्हणलं, "बघितला की. ब्येस श्वास घेतोय. त्या धम्मानंदला सांग, काम चांगलं केलंय."

मी झाकण लावलं, वरून झेंडूची माळ घातली. तिच्या कपाळासाठी मधली विभूती उकरली गेलीय, तिथं खड्डा पडलाय. सोमवारी आठवणीनं भरायचा. न्हाई तर तिला कळंल की मला कळलंय.